‘वऱ्हाड’ सापडेना: एका न दिसणाऱ्या चिन्हाचं प्रकरण

सरांचा फोन सकाळी सव्वासातला आला. “काऊन रे, माह्या वहीत त पहिल्याच पानावर वऱ्हाड हाय. तुह्या कंपुटरात काऊन नाई सापडून राह्यलं?”

आदल्या रात्री आम्ही सरांची वऱ्हाडी शब्दांची यादी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली होती आणि त्यांना दुवा पाठवला होता. सरांनी चष्मा लावून, फोनवर एकेक अक्षर टिपत, त्यांच्या मते सगळ्यात सोपा शब्द टाकून पाहिला. आणि वऱ्हाडी शब्दांच्या यादीत ‘वऱ्हाड’ नाही, असं यंत्रानं त्यांना सांगितलं.

मला वाटलं, टाइप करताना काहीतरी चुकलं असेल. वयस्कर माणसाचं काही सापडलं नाही की आपण तरुण लोक आधी असंच म्हणतो. चूक सरांची नव्हती. ती शोधायला आणि निस्तरायला तीन आठवडे गेले, आणि मध्ये एकदा आम्ही ती निस्तरण्याच्या नादात आणखी मोठी करून ठेवली.

वह्या आणि तीन हात

सर अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी ऐकलेले शब्द वहीत टिपले: पऱ्हाटी, तुराटी, धुरा, डवरा, वावर, पोट्टं. शब्द, अर्थ, एखादं वाक्य आणि कोपऱ्यात ‘कोणाकडून ऐकलं’. अशा तीन वह्या. शेतीचे शब्द सगळ्यात जास्त, कारण शाळा कापूसपट्ट्यातली. पोरं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वेचायच्या दिवसांत शाळेत कमी आणि वावरात जास्त, मग सरही वावरात जायचे.

यादी खुली करायची म्हणजे परवाना ठरवावा लागतो. नुसत्या शब्दावर कोणाची मालकी नसते, पण सरांनी लिहिलेले अर्थ आणि वाक्यं त्यांची आहेत. ती कोणी कशी वापरावी हे त्यांनीच सांगायचं. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याच्या शब्दसंग्रहात भर घालायची तर सगळे हक्क सोडावे लागतात, तिथला परवाना सीसी-शून्य. सर म्हणाले, “पैसे नको, पण नाव त राहू द्या.” म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचा नामनिर्देश-समविभाजन परवाना, आवृत्ती ४.०. कोणीही वापरा, छापा, विका. सरांचं नाव द्या आणि पुढचं कामही तसंच खुलं ठेवा. हा भाग अर्ध्या चहात आटोपला. लोक परवान्यावर फार वाद घालतात. आमचं घोडं अडलं ते दुसरीकडेच.

तीन वह्या तीन हातांनी टाइप झाल्या होत्या. पहिली वही फार पूर्वी एका डीटीपीवाल्याकडे पुस्तिकेसाठी गेली होती. पुस्तिका निघाली नाही, पण जुन्या फॉन्टातली फाइल राहिली. ती आम्ही एका कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, आणली. दुसरी वही मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट या कळपाटानं टाइप केली. तिसरी कॉलेजच्या दोन मुलींनी, थोडी घरच्या कॉम्प्युटरवर, थोडी फोनवर. सगळं एका गूगल शीटमध्ये ओतलं, अकारविल्हे लावलं, द्विरुक्ती काढायचा पर्याय चालवला आणि खुश झालो.

सहा आणि सात

फोन ठेवल्यावर शीट उघडली. ‘वऱ्हाड’ होता. एकदा नव्हे, दोनदा, एकाखाली एक. हे मी आधीही पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण या शब्दाचे अर्थच दोन: एक प्रांत, एक लग्नाला निघालेली मंडळी. वाटलं, दोन अर्थांच्या दोन ओळी. नीट वाचलं तर दोन्ही ओळींत दोन्ही अर्थ होते. सरांनी तोच शब्द पहिल्या वहीत लिहिला होता आणि काही वर्षांनी तिसऱ्या वहीत विसरून पुन्हा. मग द्विरुक्ती काढताना तो गेला कसा नाही?

शीटमध्ये शब्दाची लांबी मोजायचं सूत्र असतं. ते लावलं. एका ‘वऱ्हाड’ची लांबी ७ आली. दुसऱ्याचीही ७. मी स्वतः बाजूच्या रकान्यात टाइप केलेल्या ‘वऱ्हाड’ची आली ६.

डोळ्यांना तिन्ही सारखे. झूम करून पाहिलं, फॉन्ट बदलून पाहिला. तेच. मग प्रत्येक शब्दातलं एकेक चिन्ह वेगळं काढून त्याचा क्रमांक विचारला. माझ्या शब्दात दुसऱ्या जागी २३५३ होता, म्हणजे ऱ हे एकच अक्षर, आणि त्यापुढे २३८१, म्हणजे पाय मोडल्याची खूण. पहिल्या वहीतल्या शब्दात २३५२, म्हणजे साधा र. मग पाय मोडल्याची खूण. आणि मग ८२०५. या ८२०५ ला आकारच नाही, रुंदीही नाही. तो शेजारच्या अक्षरांना फक्त ‘असे जुळा’ एवढं सांगतो. तिसऱ्या वहीतल्या शब्दात साधा र, त्याखाली २३६४ म्हणजे नुक्ता, अक्षराखालचं टिंब, आणि मग पायमोडकी खूण.

एकच शब्द, तीन लेखनं. कागदावर सरांच्या पेनानं मात्र एकच आडवी कोर काढलेली.

असं का असतं

‘बऱ्याच’, ‘कुऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’ यांतला तो आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. आपल्याला लागतो, नेपाळीला लागतो. आपल्याकडे तो हौसेचा नाही, त्यानं अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. उच्चारातला फरक शाळेत शिकवतात: ‘दर्या’त आधीच्या द वर आघात येतो, ‘दऱ्या’त येत नाही.

युनिकोडमधली देवनागरी उभी राहिली ती भारताच्या इस्की या प्रमाणावर, १९८८ च्या आवृत्तीवर. ऱ हे अक्षर त्यात मुळात द्राविडी भाषांतला र देवनागरीत दाखवण्यासाठी. त्याचा पाय मोडला की आपला आडवा र मिळावा, ही सोय इस्कीची. पण युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तोच आकार साधा र, पायमोडकी खूण आणि अदृश्य जोडक (तोच ८२०५) अशा तिघांनी काढायची रीत होती. पुढे इस्कीला धरून ऱ ची रीत आली, आणि तोवर लिहिलेला मजकूर मोडू नये म्हणून जुनी रीतही चालू ठेवली. तेव्हाच्या माणसांना दोष द्यायला जागा नाही. मात्र दोन दरवाजे उघडे राहिले. आमचा कन्व्हर्टर जुन्या दरवाज्यानं आत आला होता, मी नव्या.

नुक्त्याची तिसरी वाट त्या मानानं निरुपद्रवी. ऱ म्हणजे र अधिक नुक्ता, असं युनिकोडच मानतं. मजकूर प्रमाणरूपात, म्हणजे एका अक्षराचं एकच ठरलेलं लेखन अशा रूपात, आणताना हे दोन्ही आपोआप एक होतात. विकिपीडिया किंवा विक्शनरी या तिच्या भावंड-शब्दकोशावर तुम्ही नुक्ता देऊन लिहिलंत तरी साठवताना ऱ च होतो. तिसरी वही टाइप करणाऱ्या मुलीला ऱ ची कळ माहीत नव्हती. तिनं र काढून खाली नुक्ता दिला आणि आकार बरोबर आला म्हणून पुढे गेली. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

पण अदृश्य जोडकवालं रूप कोणत्याही प्रमाणीकरणानं ऱ होत नाही. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्दच राहतात. आमचा शोध अक्षराला अक्षर ताडून बघणारा, साधा. सरांच्या फोननं ऱ लिहिला, यादीत एका ठिकाणी जोडक होता, दुसऱ्या ठिकाणी नुक्ता. दोन्ही ‘वऱ्हाड’ त्यांच्या नजरेसमोरून निसटले.

आम्ही केलेला घोळ

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या एका मित्राला विचारलं. त्यानं हसून सांगितलं, अदृश्य चिन्हं म्हणजे कचरा, कॉपी-पेस्टमध्ये येतात, सरळ उडवून टाक. मी रात्री साडेअकराला ते सगळे ८२०५ उडवले. सकाळी सरांना फोन केला, आता पाहा.

सरांनी पाहिलं. दुपारी त्यांचा निरोप आला, त्यात एकच वाक्य, यादीतून जसंच्या तसं उचललेलं: “आचार्यांनी वांग्याच्या भाजीला तर्री आणली.”

वहीत होतं ‘आचाऱ्यांनी’. लग्नातले आचारी. जोडक गेल्याबरोबर आडवा र वर चढून रफार झाला आणि स्वयंपाकी आचार्य झाले. पुढे पाहिलं तर ‘कडब्याच्या भार्यावर बसला’. भारा म्हणजे पेंढ्यांचा गठ्ठा, भार्या म्हणजे बायको. सरांनी हे वाक्य फोनवर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मागून त्यांच्या घरात कोणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं.

शोधाचंही तसंच. मेळघाटातल्या ‘दऱ्या’ शोधायला गेलं की काही नाही. ‘दर्या’ टाकलं की मेळघाटातल्या दऱ्याही येत आणि दर्यापूर तालुकाही. दर्यापूर सपाटीवर. त्याचा दरीशी काही संबंध नाही.

इथे मला एक जुनं कोडं सुटलं. मराठी मजकुरात जागोजागी ‘बर्याच’, ‘दुसर्या’, ‘तर्हेने’ दिसतं, आणि आपण ‘या लोकांना शुद्धलेखन येत नाही’ म्हणून नाक मुरडतो. त्यातल्या कित्येकांनी ते बरोबर लिहिलेलं असतं. मधल्या कुठल्यातरी यंत्रणेनं अदृश्य चिन्ह कचरा म्हणून झाडून टाकलेलं असतं. मी जे रात्री साडेअकराला केलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. २००९ च्या ६ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनानं मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, २०२४ च्या ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला, आणि फोनवर अजून ‘बर्याच’ आहे. यात विरोध आहे असं नाही. दोन कामं वेगळ्या टेबलांवर चालतात, एवढंच.

दुरुस्ती

नशिबानं शीटमध्ये जुन्या आवृत्त्या राहतात. आदल्या दिवशीची परत आणली.

या वेळी उडवलं काहीच नाही, बदललं. जिथे साधा र, पायमोडकी खूण आणि ८२०५ हे तिघं ओळीनं येतात, तिथेच त्यांच्या जागी ऱ आणि पायमोडकी खूण. इतर ठिकाणचे जोडक तसेच ठेवले, कारण ते सगळेच कचरा नसतात. अर्धा क किंवा अर्धा ष सुटा दाखवायचा तर हेच चिन्ह लागतं, आणि सरांनी दोन-तीन नोंदींत जोडाक्षर फोडून दाखवलं होतं. मग सगळी यादी प्रमाणरूपात आणली, नुक्तेवाले शब्द आपोआप ऱ त आले. लांबी पुन्हा मोजली: ६, ६, ६. द्विरुक्ती काढायचा पर्याय पुन्हा चालवला आणि या वेळी बरंच काही निघालं. ‘पऱ्हाटी’च तीनदा होती.

शोधाच्या बाजूलाही एक बदल केला. माणूस जे टाइप करेल तेही आधी त्याच साच्यातून काढायचं, मग ताडायचं. म्हणजे कोणी जुन्या रीतीनं लिहिलं तरी त्याला सापडेल. मराठी विक्शनरीवर नोंदी करताना शीर्षक ऱ चंच ठेवलं आणि जोडकवाल्या रूपाकडून तिकडे पुनर्निर्देशन दिलं. डोळ्यांना ते पान स्वतःकडेच बोट दाखवतंय असं वाटतं. एका नव्या सदस्यानं तसं विचारलंही, ‘हे काय, वऱ्हाडवरून वऱ्हाडकडे?’

हाच सोपा भाग होता. अवघड होते ते शब्द ज्यांचा जोडक आमच्या हाती येण्याआधीच गेला होता. पहिल्या वहीच्या फाइलमधली काही पानं मध्यंतरी कोणीतरी ईमेलमध्ये चिकटवून परत घेतली होती, आणि त्यांत सरळ ‘बर्याच’, ‘वार्यावर’ असं होतं. इथे यंत्राला नियम देता येत नाही, कारण माहितीच उरलेली नाही.

थोडी वाट निघते ती मराठीच्याच स्वभावातून. हा आडवा र बहुतेक वेळा दोनच अक्षरांआधी येतो, य आणि ह. ह चं काम सोपं: ‘र्ह’ असा खरा रफार मराठीत मोजक्या संस्कृत शब्दांत, अर्हता, गर्हणीय असल्या. सरांच्या वावरात अर्हता उगवत नाही. म्हणून ‘र्ह’ दिसेल तिथे बेलाशक ‘ऱ्ह’. य चं मात्र तसं नाही. सूर्य, कार्य, धैर्य, मर्यादा, पर्याय हे रफाराचे, आणि वारा, भारा, सारा, कोरा, आचारी यांची सामान्यरूपं आडव्या र ची. हे माणसानंच पाहायला हवं. ‘र्य’ असलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या, छापल्या आणि सरांकडे गेलो.

सरांनी लाल पेन घेतलं. शाळामास्तरच ते. शेजारी मूळ वही उघडी, ओळीवर पट्टी ठेवलेली. ‘सूर्य’ला बरोबरची खूण, ‘वार्यावर’ला गोल करून वर आडवी कोर. मी एकदा म्हणालो, “सर, ‘मर्यादा’ तर पाहायची गरज नाही.” ते म्हणाले, “तू मांगं बी असंच म्हनला होता.” मग मी गप्प बसून चहा घेतला. दोन बैठकांत काम झालं.

पुढच्यासाठी ठरवलेलं

नवीन टाइप करणाऱ्यांना आता पहिल्या दिवशी एक गोष्ट दाखवतो: इनस्क्रिप्टमध्ये र ची जी कळ, तीच शिफ्टसह दाबली की ऱ. मग पायमोडकी, मग य. चार वर्षं टाइपिंग करणाऱ्या माणसालाही ही कळ माहीत नसते, कारण त्याच्या पाठ्यपुस्तकात ती कुठेतरी कोपऱ्यात असते. आलेली प्रत्येक फाइल आधी तपासायची: ८२०५ किती, कुठे, कोणाच्या शेजारी. असाच घोळ ‘ॲ’चाही निघाला. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तोवर लोक अ वर चंद्र देऊन किंवा हिंदीचा ऍ वापरून काम भागवत होते, आणि अजूनही भागवतात. सरांच्या यादीत इंग्रजी शब्द फार नसल्यानं तो लवकर आवरला. दुसऱ्या कोणाच्या यादीत तोच पहिला निघेल.

मित्राचा राग नाही. त्याच्या कामात अदृश्य चिन्ह खरंच कचरा असतं. देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून केलेल्या कामात ते झाडलं तरी फारसं काही बिघडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आणून द्यायचं काम मराठी लिहिणाऱ्याचंच. मी त्याला आचार्यांचं वाक्य पाठवलं. त्यानं त्याच्या कंपनीतल्या मजकूर साफ करणाऱ्या सूत्रात ‘पायमोडक्या र नंतर असेल तर हात लावू नये’ अशी एक ओळ वाढवल्याचं सांगितलं.

यादी आता सापडते. सरांनी स्वतः तपासून घेतलंय: वऱ्हाड, पऱ्हाटी, गुऱ्हाळ, आचाऱ्यांनी, एकेक करून. फक्त एक ओळ अडकली आहे. पहिल्या वहीत चौदाव्या पानावर चहा सांडलेला, तिथे फाइलमध्ये ‘चर्या’ आहे. चर्या म्हणजे वागण्याची, चेहऱ्याची तऱ्हा. चऱ्या म्हणजे चरीचं अनेकवचन, वावरात पाणी मुरायला काढतात त्या. वाक्य आहे, “त्याच्या चर्या पाहूनच समजलं.” दोन्ही बसतात. कोपऱ्यात नाव आहे ते गावातल्या एका म्हातारीचं, सरांच्या म्हणण्याप्रमाणे ती अजून आहे. अक्षय्यतृतीयेला सर गावाला जाणार आहेत, तेव्हा विचारून येतो म्हणालेत. तोवर त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय.